अकराचा नट

दादर खुडून झाली, शेतं मोकळी पडली,
तेव्हा मी ओट्यावर गोणपाट अंथरलं.
एकोणनव्वद सालची स्कूटर, आम्ही दोघं, आणि तवांग.
अमळनेरहून किती किलोमीटर, ते वहीत लिहिलंय,
कोकिळाला सांगितलेलं नाही.

क्लचच्या केबल दोन, गिअरच्या दोन.
प्लग तीन, एकेक जुन्या मोज्यात.
पॉइंट, कंडेन्सर, ऑइल सील,
होमिओपॅथीच्या बाटलीत कार्बोरेटरचे जेट.
चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
बाटल्यांना चिठ्ठ्या डकवल्या, हात अजून ऐकत नाही:
'जेट, मेन. उन्हापासून दूर ठेवावे.'

दंगलअण्णा फाटकाशी थांबले.
"कथा चालनात, मास्तर?"
मी मास्तर कधीच नव्हतो.
"तवांगले."
"तठे कोन शे आपलं?"
याचं उत्तर गोणपाटावर कुठेच नव्हतं.

गफूर मिस्त्री येणार होता बरोबर,
स्वतःच्या स्कूटरवर.
सामान निम्मं निम्मं वाटायचं ठरलेलं:
टायर त्याचा, ट्यूब माझी,
पंप त्याचा, दम माझा.
पण दिवाळीनंतर काचबिंदूने
त्याच्या डोळ्यांवर शटर ओढलं, बोटबोट, घाई न करता.
आता तो ओट्यावर बसून एकेक पाना उचलतो,
अंगठ्याने तोंड चाचपतो.
"दहा-अकरा. झिजलाय. हा घरी ठेव."
ग्रीस कोणतं शिळं, ते वासावरून सांगतो.

"बिघडते ती रात्रीच," तो म्हणाला,
"बिजासनच्या घाटात, नाहीतर त्याच्याही पार पुढे,
जिथं आपली शिवीसुद्धा कुणाला कळत नाही.
तेव्हा टॉर्च शोधत बसायचं नाही.
हाताला ठाऊक पाहिजे."
म्हणून दिवे घालवून त्याने माझी परीक्षा घेतली.
प्लग पाना मागितला, मी पक्कड दिली.
कंडेन्सर म्हणून
बराच वेळ शोधून
थर्मॉसचं बूच.

कोकिळा आतून आली. पदराला हात पुसले.
"सरका."
लाईट गेली म्हणून तिची फोडणी
कधी थांबलेली मला आठवत नाही.
मसाल्याचा डबा आणला तिने, सात वाट्यांचा,
जिरं-मोहरी कागदाच्या पुड्यांत बांधली, वाट्या पुसल्या, आणि भरल्या.
मधोमध जेट. मोहरीच्या जागी वायसर.
हळदीच्या वाटीत पॉइंट, वाटी पिवळी ती पिवळीच.
"रोजचं उजव्या हाताला,
कधीमधी लागणारं डाव्या."

दिवे पुन्हा घालवले.
मिस्त्री नाव घेई, ती देई.
एवढं भराभर, की शेवटी नावं त्यालाच सुचेनात.
"वहिनी, गाडी तुम्हीच चालवा."
"गुडघा नवा आहे," ती अंधारातून म्हणाली,
"धुळ्याला टाकलाय.
त्याचा स्पेअर मिळत नाही, विचारलं मी."

इंजिन उजवीकडे, म्हणून डबा डावीकडे.
मागे स्टेपनी, स्टेपनीवर ताडपत्री,
ताडपत्रीत कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी,
आणि वर दोरी, जिची गाठ
मिस्त्रीने न बघता मारली.

पहाटे ओटा झाडताना
फरशीच्या फटीत एक नट निघाला. अकराचा.
मी कंदील घेऊन स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारल्या,
सगळे आपापल्या जागी.
वाट्याही मोजून भरलेल्या.
मग हा कुठला? तिला ठाऊक नाही, मला नाही.
मिस्त्रीने तो बोटांत फिरवला,
आटे नखाने मोजले,
बराच वेळ बोलला नाही.
मग चाचपत माझ्या खिशात टाकला.
"ऱ्हाऊ दे. कामे ई."

तिसऱ्या किकला चालू झाली.
वळणावर कोकिळाने मागे हात केला,
तो ओट्यावरून आवाजाच्या दिशेने बघत होता,
आवाज संपल्यावरही, ती म्हणते.
मला आरशात नीट दिसलं नाही.

शिरपूरपर्यंत
नट मांडीला टोचत होता.